गर्डर-पटियाच्या खोलीत पंखा स्वतः लावता येईल का?

दौलतगंजकर | १४ मे, रात्री १०:५०

मंडळी, नवतपा (मेअखेरचे नऊ तापते दिवस) लागायला दहा-अकरा दिवस उरलेत आणि आमची वरची खोली बिनपंख्याची आहे. भाचे कंपनी २२ तारखेला येऊन धडकणार. कूलर एकच, तो खाली आईकडे.

घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या गल्लीत, पणजोबांच्या वेळचं. छत गर्डर-पटियाचं, उंची साडेबारा फूट. वरच्या खोलीला दोन गर्डर आहेत, एकमेकांपासून सव्वाचार फुटांवर. खोलीचा मध्य नेमका दोघांच्या मधोमध येतो, म्हणजे तिथे नुसता दगड. हुक नाही, कडी नाही. वायर मात्र कुणीतरी कधीकाळी बोर्डापासून गर्डरपर्यंत आणून टोकाला काळी टेप गुंडाळून सोडून दिलीय.

खाली बैठकीतला पंखा माझ्याहून वयाने मोठा आहे (मी ३६). तो आता फिरतो कमी आणि कण्हतो जास्त, म्हणून तोही बदलायचाय. दोन नवे पंखे घेऊन ठेवलेत. आमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन चार वेळा "बस भैया, निकल ही रहा हूँ" म्हणालाय. कुठून निघतोय ते कळायला मार्ग नाही.

तर प्रश्न: पटियात ड्रिल मारून फास्टनर ठोकला तर चालेल का? आणि हे सगळं मी स्वतः करावं का? आजवर प्लग बदललेत, इस्त्रीची वायर बदललीय. अनुभव एवढाच.

इंदुरी_शेव | १४ मे, रात्री ११:०५

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर इन्व्हर्टर आहे का यावर. सविस्तर सकाळी, पोहे खाऊन.

कोथरूडकर_काका | १४ मे, रात्री ११:२०

पटिया म्हणजे काय? मराठी संकेतस्थळावर मराठी शब्द वापरावेत ही नम्र विनंती.

मुरारची_मावशी | १५ मे, सकाळी ७:१०

काका, पटिया म्हणजे दगडाची लांब फळी. आमच्याकडे वाळूचा दगड मुबलक, त्यामुळे छताला सिमेंटचा स्लॅब यायच्या आधी लोखंडी गर्डर टाकायचे आणि त्यावर या फळ्या शेजारी शेजारी अंथरायच्या. वरून चुना-कोबा. तुमच्याकडे त्याला जो शब्द असेल तो सांगा, पुढच्या घराला वापरू.

दौलतगंजकर, करा बिनधास्त. मी माझ्या हाताने पाच पंखे लावलेत, एक जाऊबाईंकडे धरून. घाबरायचं ते विजेला नाही, वजनाला. वीज बंद करता येते, वजन बंद करता येत नाही.

अर्धवट_इंजिनियर | १५ मे, सकाळी ८:४०

ड्रिल अजिबात नको. आरसीसी स्लॅबमध्ये फास्टनर चालतो कारण तो काँक्रीटला आतून फुगून धरतो. पटिया थरांचा दगड. हॅमर ड्रिलच्या हादऱ्याने थर सुटतात, आणि फास्टनर आवळला की तो दगडाला आतून फाकवतो. त्या दिवशी काही होणार नाही. दोन वर्षांनी, गच्चीवर कुणी गहू वाळत घालायला गेलं की तडा दिसेल. पटिया एकसंध आहे म्हणून टिकून असते, आत सळई वगैरे काही नसते. एकदा आरपार तडकली की तिला धरून ठेवणारं काहीच नाही.

गर्डरला क्लँप लावा. बाजारात तयार मिळतो, दोन जबडे गर्डरची खालची आडवी पट्टी दोन्हीकडून पकडतात, खाली हुक.

दौलतगंजकर | १५ मे, सकाळी ९:०२

पण मग पंखा मध्यभागी येत नाही ना. एका भिंतीपासून साडेतीन फूट, दुसरीकडे आठ.

बडोद्याचा_बंड्या | १५ मे, सकाळी ९:१५

मध्यभागी कोण झोपणार आहे? पंखा खाटेवर हवा. आमच्या वाडीतल्या घरात हॉलचा पंखा बरोब्बर मधोमध आहे आणि त्याच्याखाली टीपॉय वारा खात बसतो, आम्ही चौघं कडेला घाम पुसतो.

इंदुरी_शेव | १५ मे, सकाळी १०:३०

हां, तर इन्व्हर्टर.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट, रामबागेतलं आमचं घर. मीही असाच उत्साही. मेन स्विच खाली केला, बायकोला सांगितलं कुणाला हात लावू देऊ नकोस. घोडी लावली, वर चढलो, जुना पंखा उतरवला, दोन्ही वायरींची टोकं सोलायला घेतली. एका हातात पकड, दुसऱ्यात वायर. तेवढ्यात खालून मुलगा ओरडला, "बाबा, टीव्ही का बंद झाला?" आणि त्याने जिन्याखालच्या इन्व्हर्टरचं बटण दाबलं. शिस्तीत. लाइट गेली की तो तेच करतो, आम्हीच शिकवलंय.

टक असा आवाज ऐकला एवढं आठवतं. पुढे मी गादीवर होतो आणि पकड कपाटाच्या आरशात.

घरातले पंखे बहुतेक इन्व्हर्टरच्या लाइनवर असतात. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीने तुमच्या हातातल्या वायरीत २३० व्होल्ट सोडतो. आधी इन्व्हर्टरचं आउटपुट बंद, मग मेन. घरच्यांना नुसतं सांगून भागत नाही, एक माणूस तिथे बसवा.

कोथरूडकर_काका | १५ मे, सकाळी १०:४८

घोडी लावली?? पंखा बसवायला की वरात काढायला?

इंदुरी_शेव | १५ मे, सकाळी १०:५०

काका, घोडी म्हणजे दोन पायांत फाकणारी शिडी. भिंतीला न टेकता उभी राहते ती.

कोथरूडकर_काका | १५ मे, सकाळी १०:५५

त्याला आम्ही घोडा म्हणतो.

मुरारची_मावशी | १५ मे, सकाळी ११:००

म्हणजे जनावर तेच. बसा आता शांत.

निवृत्त_लाइनमन | १५ मे, दुपारी २:१५

३१ वर्षं खांबावर काढली, आता गुडघे बोलतात म्हणून लिहितो.

इंदुरी_शेव यांचं शंभर टक्के बरोबर. त्यात माझी भर.

टेस्टरवर जीव ठेवू नका. दुपारच्या उजेडात त्याचा मिणमिण दिवा दिसत नाही. कोरड्या लाकडी घोडीवर प्लास्टिकची चप्पल घालून उभे असाल तर वायर जिवंत असूनही तो धड पेटत नाही. उलट शेजारून दुसरी लाइन जात असेल तर मेलेल्या वायरीवरही मिणमिणतो. होल्डरला दोन वायरी जोडून केलेला दिवा, म्हणजे टेस्ट लँप, किंवा साधा मल्टीमीटर घ्या. आधी चालू पॉइंटवर लावून तो स्वतः ठीक आहे का बघा, मग पंख्याच्या वायरीवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर.

दुसरं, जुन्या घरात स्विच फेजवर (वीज आणणाऱ्या वायरीवर) आहे की न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर), देव जाणे. न्यूट्रलवर असेल तर स्विच बंद करून पंखा थांबतो खरा, पण फेज पंख्यापर्यंत आलेलाच असतो. पुष्कळ लोक इथेच फसतात. जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग असं असायला हवं. असतं असं नाही. ज्याने तुमची वायर सोडून ठेवलीय त्याच्या खिशात त्या दिवशी जो रंग होता तो.

तिसरं, कोणी विचारण्याआधी सांगतो. स्वतः पंखा बदलणं बेकायदा नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता, त्यात वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करवायचं असं होतं, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच नुसते बदलायला सूट होती. २०१० च्या विनियमांतही ती सूट राहिली. बैठकीतला पंखा त्यात बसतो. वर मात्र बोर्डापासून वायर ओढून नवा पॉइंट करायचा असता तर ते ठेकेदाराचं काम. तुमची वायर आधीच आहे, ती किती जुनी आहे ते बघा. टोक वाकवल्यावर इन्सुलेशन बिस्किटासारखं तुटत असेल तर पंखा तसाच खोक्यात ठेवा आणि त्या भैयाची वाट बघा.

दौलतगंजकर | १५ मे, दुपारी ३:३०

वायर वाकवून बघितली (इन्व्हर्टर आणि मेन, दोन्ही बंद करून!). मऊ आहे. गेल्या वर्षी मागचा भाग बदलला होता तेव्हाची असावी.

तीव्रमध्यम | १५ मे, संध्याकाळी ६:२०

अवांतर आहे, माफ करा. जुना पंखा कण्हतो म्हणालात, कुठल्या सुरात?

थट्टा नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटर, ट्रान्सफॉर्मर यांची गुणगुण १०० वर असते. १०० म्हणजे हार्मोनियमवरची मंद्र पांढरी पाच, किंचित चढी. मी ग्वाल्हेरच्या कंपू मोहल्ल्यात भाड्याने राहायचो तेव्हा रात्री पंखा लावून रियाज करायचो. तानपुरा जुळवावा लागत नसे. गुरुजींच्या लक्षात आलं, म्हणाले ग्वाल्हेर घराण्यात आलास आणि गंडा पंख्याकडून बांधलास.

बडोद्याचा_बंड्या | १५ मे, संध्याकाळी ६:३२

आमचा पंखा फक्त समेवर आवाज करतो. ठक्.

निवृत्त_लाइनमन | १५ मे, संध्याकाळी ६:५०

ठक् करणाऱ्या पंख्याचा रबर बुश संपलाय किंवा पातीचा स्क्रू ढिला आहे. हसू नका, वर चढून बघा.

अर्धवट_इंजिनियर | १५ मे, रात्री ९:००

बीएलडीसी (बिनब्रशच्या मोटरचे, कमी वीज खाणारे) घेतलेत की साधे? साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी ३० च्या. दिवसाला १५ तास आणि वर्षाचे आठ महिने धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. युनिटला ७ रुपये धरले तरी अकराशेच्या वर. शिवाय व्होल्टेज पडलं तरी वेग पडत नाही.

मुरारची_मावशी | १५ मे, रात्री ९:२५

आणि रिमोट हरवला की? नातू तो फ्रीजमध्ये ठेवून जातो. शिवाय आतला सर्किट बोर्ड गेला की कंपनीचाच लागतो. साध्या पंख्याचा कपॅसिटर कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, अडीच मायक्रोफॅरॅडचा मागायचा. पंखा कण्हत हळू फिरत असेल तर निम्म्या वेळा तोच गेलेला असतो. दौलतगंजकर, जुना काढण्याआधी तो बदलून बघितलात का?

दौलतगंजकर | १५ मे, रात्री ९:४०

बघितला. कण्हणं तेच, फक्त जोरात.

एक बीएलडीसी घेतलाय (वरच्या खोलीला), एक साधा. आईला रिमोट नको, तिला भिंतीवरचं फिरवायचं बटणच हवं.

निवृत्त_लाइनमन | १५ मे, रात्री ९:५५

मग वर रेग्युलेटर मधे ठेवू नका. बीएलडीसीला रेग्युलेटरमधून लाइन दिली की तो अडखळतो आणि बोर्ड लवकर जातो. स्विचमधून थेट.

नाना_छत्रीबाजार | १६ मे, सकाळी ६:३०

मी ७४. लेथचं आणि वेल्डिंगचं काम केलं आयुष्यभर. विजेचं मला कळत नाही, लोखंडाचं कळतं.

मध्यभागाचा हट्ट असेल तर क्लँपचीही गरज नाही. गर्डर इंग्रजी आय अक्षरासारखा असतो. पटिया त्याच्या वरच्या पट्टीवर बसलेल्या आहेत ना? मग खालची पट्टी मोकळी आहे. दोन्ही गर्डरांच्या पोटातलं अंतर मोजा, म्हणजे उभ्या भागापासून उभ्या भागापर्यंत. त्यापेक्षा इंचभर कमी लांबीचा अँगल कापून घ्या, ४० बाय ४०, ५ मिलिमीटर जाडीचा. तो तिरका करून दोन्ही गर्डरांच्या मधून वर न्यायचा आणि वर गेल्यावर फिरवून सरळ करायचा. दोन्ही टोकं दोन गर्डरांच्या खालच्या पट्ट्यांवर आपोआप टेकतात. वजन लोखंडावर, दगडाचा संबंध नाही, वेल्डिंग नाही. अँगलच्या मधोमध आधीच भोक पाडून हुकाचा बोल्ट घालायचा, खाली दोन नट, एकावर एक आवळलेले. पंखा थरथरतो, एकटा नट वर्षभरात सुटतो. टोकं सरकू नयेत म्हणून प्रत्येकी एक यू-क्लँप. अँगल आणि गर्डर यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा, नाहीतर रात्री लोखंड बोलतं.

लोहिया बाजारात अँगल कापून, भोक पाडून मिळेल. माप घेताना टेप दोन ठिकाणी लावा. जुन्या घरात गर्डर समांतर असतात हा गैरसमज आहे.

पंखा टांगायच्या आधी त्या हुकाला पाण्याने भरलेली बादली रात्रभर टांगून ठेवा. पंखा चार-पाच किलोचा, बादली पंधराची. खाली गादी.

इंदुरी_शेव | १६ मे, सकाळी ७:४५

नाना, दंडवत.

अर्धवट_इंजिनियर | १६ मे, सकाळी ८:१०

नानांपुढे माझा क्लँप मागे घेतो.

कोथरूडकर_काका | १६ मे, सकाळी ९:३०

एक प्रामाणिक शंका. दगडी छत दिवसभर तापणार, त्याखालची गरम हवा पंखा खाली आणणार. मग उपयोग काय? यापेक्षा एसी का नाही?

मुरारची_मावशी | १६ मे, सकाळी ९:५०

पंखा खोली थंड करत नाहीच. खोलीत कुणी नसताना चालू ठेवलात तर मोटरने उलट तसूभर गरमच होईल. वारा अंगावरचा घाम वाळवतो म्हणून गार वाटतं, म्हणून खोलीतून उठताना बंद करायचा. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी नुसत्या पंख्याचा वारा इस्त्रीसारखाच लागतो हे खरं. दुपारी कूलर, रात्री पंखा. आणि आम्ही तर लहानपणी गच्चीवर पाणी मारून झोपायचो. काका, एसीच्या बिलावर तुमचा पत्ता टाकू का?

धागापाल | १६ मे, सकाळी १०:१५

गच्चीवर झोपण्याच्या आठवणींसाठी वेगळा धागा काढावा. इथे पंखा.

बडोद्याचा_बंड्या | १६ मे, सकाळी १०:४०

पंख्याबद्दलच: रॉड किती लांब घ्यायचा?

निवृत्त_लाइनमन | १६ मे, सकाळी ११:२०

पाती जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर आली की वारा चांगला लागतो. सात फुटांच्या खाली कधीच नको, विशेषतः खाटेवर उड्या मारणारे भाचे असतील तर. छतापासून फूटभर तरी मोकळी जागा हवी, नाहीतर पंख्याला वर ओढायला हवाच मिळत नाही. दौलतगंजकरांना अडीच फुटी रॉड लागेल, डब्यातला एक फुटी पुरणार नाही. आणि रॉडच्या आत वायरीचा जोड नको, अख्खी लांब वायर ओवा.

जोडताना क्रम: वरची आणि खालची, दोन्ही कटोऱ्या (रॉडच्या टोकांचे जोड झाकणाऱ्या वाट्या) रॉडमध्ये आधी ओवायच्या. मग वायर, मग रॉड मोटरमध्ये, बोल्ट, आणि बोल्टच्या टोकाच्या भोकात कॉटर पिन. पिनीचे दोन्ही पाय उलट दिशांना वाकवायचे. वर हुकाकडेही तसंच. पंखा पडल्याच्या घटना मी पाहिल्यात त्यांत वायर कधीच कारण नव्हती. पिन नसणं, किंवा पिनीचे पाय सरळ राहिलेले असणं. नट फिरत फिरत उतरतो, महिनोन्‌महिने, कुणाच्या लक्षात येत नाही. पातळ वायर-रोप (तारांची दोरी) मिळते, ती हुकातून आणि रॉडमधून फिरवून बांधली तर पिन सुटली तरी पंखा लटकत राहतो.

पात्या एकाच खोक्यातल्या तीनच वापरा. त्या कारखान्यात वजन जुळवून ठेवतात, दुसऱ्या पंख्याची पाती लावलीत की डोलतो.

मुरारची_मावशी | १६ मे, सकाळी ११:३०

कटोऱ्या आधी ओवा. पुन्हा सांगते. सगळे विसरतात.

दौलतगंजकर | १६ मे, दुपारी १२:००

विसरणार नाही. पडद्याचं चित्र (म्हणजे स्क्रीनशॉट) काढून घेतलंय.

दौलतगंजकर | १८ मे, रात्री ८:३५

आज बैठकीतला जुना पंखा उतरवला. इन्व्हर्टरपाशी आईला मोडा (वेताचं स्टूल) टाकून बसवलं. ती तिथे वाती वळत बसली होती, "कोणी हात लावला तर सांगते" म्हणत.

वरची कटोरी खाली सरकवली आणि चाळीस वर्षांची धूळ तोंडावर. पुसून टॉर्च मारला. हुक उत्तम, बोटाएवढा जाड. पण शॅकलच्या (रॉडच्या वरच्या टोकाच्या, हुकात अडकणाऱ्या कडीच्या) बोल्टला नट अर्ध्यावर आलेला, आणि टोकाच्या भोकात कॉटर पिन नाहीच. तिथे काळी पडलेली, मधून वळवलेली तार, दोन पाय सारखे लांब. पकडीने ओढली तर अलगद हातात आली. आजीच्या अंबाड्याचा आकडा.

आईला दाखवला. ती म्हणाली, पंखा लावला तेव्हा पिन खाली पडून फरशीच्या फटीत गेली होती, आजोबा चिडचिड करत होते, तेव्हा सासूबाईंनी डोक्यातला काढून दिला. "तात्पुरता."

त्या आकड्याखाली मी दहावीचा अभ्यास केलाय. त्याच्याखाली आमच्या ताईचं केळवण झालंय.

निवृत्त_लाइनमन | १८ मे, रात्री ८:५०

बोल्ट बघा. चाळीस वर्षं थरथर खाल्लेला बोल्ट मधे झिजतो.

दौलतगंजकर | १८ मे, रात्री ९:०५

बघितला. हुक ज्या जागी टेकायचा तिथे खोबण पडलीय, जाडी जेमतेम निम्मी. हुकावरही चाटलेलं चकचकीत दिसतंय, पण खोल नाही. नवीन पंख्याचा शॅकल, नवीन बोल्ट, नवीन पिन, पाय वाकवून. वायर-रोपही. साधा पंखा लागला, पहिल्या फटक्यात फिरला. आई बटण फिरवून एक-दोन-तीन-चार-पाच करून बघतेय.

तीव्रमध्यम | १८ मे, रात्री ९:२०

सूर?

दौलतगंजकर | १८ मे, रात्री ९:२२

काहीच नाही हो. घर एकदम रिकामं वाटतंय.

बडोद्याचा_बंड्या | १९ मे, सकाळी ८:००

मी काल रात्री हा धागा वाचून आमच्या हॉलचा पंखा बघायला चढलो. पिन आहे, पण पाय सरळ. वाकवले. ठक् पण गेलं, पातीचा स्क्रूच होता. लाइनमनकाका, तुम्हाला माझ्याकडून पार्टी.

इंदुरी_शेव | १९ मे, सकाळी ८:२०

बडोद्याला पार्टीत काय, शेव-उसळ? इंदुरात आलात तर सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता भेटू. तिथे पंखा लागत नाही.

दौलतगंजकर | २१ मे, रात्री ११:१०

वरच्या खोलीचा वृत्तांत.

नानांनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे मोजलं. एका टोकाला साडेपन्नास इंच, दुसऱ्या टोकाला एक्कावन्नला थोडं कमी! मधोमध पावणेएक्कावन्न भरलं, म्हणून अँगल पावणेपन्नासचा कापून घेतला. दुकानदाराने विचारलं काय करायचंय, सांगितल्यावर म्हणाला, "पटिया में मत ठोकना." म्हणजे अख्ख्या ग्वाल्हेरला माहीत होतं, मलाच नव्हतं.

घोडी शेजाऱ्यांकडून आणली. अँगल तिरका वर नेताना पहिल्यांदा पट्टीला अडला, दुसऱ्यांदा डोक्याला लागला, तिसऱ्यांदा गेला. फिरवून सरळ केला तेव्हा दोन्ही टोकं टण् करून बसली, तो आवाज फार आवडला. ट्यूबचे तुकडे, यू-क्लँप, दोन नट. बादली काल रात्रभर टांगली. आई दोनदा उठून बघून आली.

आज संध्याकाळी पंखा जोडला. रॉड, वायर, बोल्ट, पिन, पाय वाकवले. खांद्यावर घेऊन चढलो, हुकात अडकवला, शॅकल आवळला, पिन, वायर-रोप. वायरी कनेक्टरमध्ये. उतरलो, घाम पुसला, खाटेवर बसलो, आणि कशावर तरी बसलो.

कटोरी. खालची.

मुरारची_मावशी | २१ मे, रात्री ११:१२

🙂

दौलतगंजकर | २१ मे, रात्री ११:१५

सगळं पुन्हा उतरवलं, मावशी. सगळं. ती पिन सरळ करताना तुटली, नवीन आणायला साडेनऊला दुकान शोधत फिरलो. एक क्षण, खरं सांगतो, आजीच्या आकड्याकडे नजर गेली होती.

निवृत्त_लाइनमन | २१ मे, रात्री ११:२०

आकडा गेला नाही ना वर?

दौलतगंजकर | २१ मे, रात्री ११:२२

नाही. पिनच आणली, चार घेऊन ठेवल्यात. आता चालू आहे. पूर्ण वेगावर जरासा डोलत होता. काठी जमिनीवर उभी धरून पंखा बंद असताना एकेक पाती हाताने काठीपाशी आणून बघितली, एक पाती अर्धा इंच वर होती. तिचे स्क्रू सोडून नीट बसवली. डोलणं गेलं.

अर्धवट_इंजिनियर | २२ मे, सकाळी ७:३०

वीज, लोखंड, घर, आजी, सगळं झालं. खर्च?

दौलतगंजकर | २२ मे, सकाळी ७:५०

मजुरी वाचली ती अँगल, रॉड आणि टेस्ट लँपमध्ये गेली. वर दोन दिवस रजा. पैशाचा हिशोब विचारू नका. आणि हो, आज सकाळी सात वाजता इलेक्ट्रिशियन आला. बेल वाजवून म्हणाला, "भैया, पंखा लगना था ना?"

मुरारची_मावशी | २२ मे, सकाळी ८:०५

आता पुसायचं कोणी, तेही ठरवा. घोडीवर उभं राहून ओल्या फडक्याने पात्या रगडू नका, वाकतात. उशीचा जुना अभ्रा पातीवर मोज्यासारखा चढवायचा आणि ओढत बाहेर काढायचा. धूळ अभ्र्यात राहते, खाटेवर पडत नाही. पंखा बंद असताना, हे सांगायला लागू नये, पण या धाग्यावर सांगते.

कोथरूडकर_काका | २२ मे, सकाळी ९:००

अभिनंदन. घोडी परत केलीत का?

दौलतगंजकर | २२ मे, सकाळी ९:४०

द्यायला गेलो होतो. शेजारच्या वहिनींनी चहा दिला आणि आपल्या छताकडे बोट दाखवलं. त्यांच्याकडेही गर्डर-पटियाच, पंखा जुना, वरची कटोरी कुणी कधी सरकवलेली नाही. नाना, २५ तारखेला मोकळे आहात का?